आपल्या रस्त्याचं नाव

१४ मे, गुरुवार
गावातलं वाचनालय

प्रिय डार्ला,

आधीच सांगते, चुका खूप होतील, हसू नकोस. शुद्धलेखन मला शाळेत असतानाही येत नव्हतं, आणि इथल्या कॉम्प्युटरवर हा ईमेल लिहिताना मी एका बोटानं अक्षरं शोधत बसते. शेजारी एक पोरगा ताटकळत उभा आहे, त्यामुळे आणखीनच उशीर होतोय.

तू बरी आहेस ना? तिकडे शहरात, टल्साला, उकडायला लागलं का? आम्ही ठीक. आजोबांचा गुडघा आहे तसाच. टोमॅटो लावले होते, ते गारांनी झोपवले. बिस्किट हल्ली पलंगाखालीच झोपतो, तिथूनच भुंकतो, बाहेर यायला तयार नाही.

नाताळात तू आणलेला, टीव्हीला जोडायचा डबा छान चालला. अगदी खरं सांगते. आधी टेकडीमुळे हवामानवाल्या डेल हॉलिसचं तोंड दर दोन वाक्यांनी गोठायचं, डब्यानं ते बंद झालं. आजोबा रोज संध्याकाळी त्याचं हवामान बघायचे, त्याच्याशी बोलायचेसुद्धा. "डेल, पोट सुटलंय तुझं."

एप्रिल संपता संपता डबा बंद पडला. बंद म्हणजे बिघडला नाही. पडद्यावर एक कुलूप येतं आणि खाली लिहून येतं, की इंटरनेट जोडा. मी अँटेना हलवली, डबा काढून परत लावला. कुलूप काही जाईना. मग इथल्या मिसेस टिबेट्सना विचारलं. हो, मी. स्वतः तोंड उघडून. त्या म्हणाल्या, चॅनलवाले आता चित्र कुलूप घालून हवेत सोडतात, आणि आपल्यासारख्या डब्याला मधूनमधून इंटरनेटवरून किल्ली आणावी लागते. काही डब्यांना लागत नाही म्हणे, आपल्या कंपनीच्याला लागते. नाताळात तुझा तो भारीतला फोन जोडला होतास ना, तेव्हाची किल्ली संपली. आपल्याकडे इंटरनेटची तार येतच नाही आणि माझ्या फोनला फाटकापाशी जाऊन नेटवर्कची एक दांडी मिळते, तिनं डबा काही उघडत नाही.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "हवा फुकट, आणि किल्ली त्यांच्या खिशात. झकास."

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं.

सोमवारी दुपारी आभाळ हिरवं झालं. तुला ठाऊक आहे कसलं हिरवं ते, वादळाआधीचं. मी फाटकापाशी पळाले, फोन किंचाळला, आपल्या जिल्ह्याला टोर्नेडोचा, सोंडेच्या वादळाचा इशारा. परत येऊन आजोबांना म्हटलं, अंगणातल्या तळघरात चला. ते खुर्चीत, टोपी मांडीवर, समोर कुलूप. म्हणाले, जिल्हा केवढा मोठा आहे, पोरी. डेल आपल्या रस्त्याचं नाव घेईल तेव्हा उठेन.

त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही गं. आजी अशाच उगाचच्या इशाऱ्याला तळघराच्या पायऱ्यांवरून पडली. वादळ कुठे आलंच नाही, पण ती काही परत चालली नाही. तेव्हापासून त्यांचं हेच, डेल नाव घेईल तेव्हा. पण डेल कुलपाच्या मागे. तो तिथे नाव घेत असेल आणि आपण कुलूप बघत बसलोय, हे मनात आलं. आपलं घर म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा खोका, त्याला काय धरून ठेवणार आहे?

मी त्यांचा हात ओढला. हलले नाहीत. गारा सुरू झाल्या. मग मी काय केलं ते तू कुणाला सांगू नकोस.

मी टीव्हीपुढे जाऊन उभी राहिले. वर्गात धडा वाचायला उभं केलं की माझा आवाज जायचा, त्यापायीच शाळा सुटली, हे तुला माहीत आहे.  पण वादळाच्या वाटेतल्या रस्त्यांची नावं डेल कशी घेतो ते मला पाठ आहे, नैर्ऋत्येकडून वर. मी म्हटलं, "टर्की क्रीक रोड, खाली जा. जिन रोड, खाली जा. प्लम रोड, आत्ता, या मिनिटाला खाली जा, प्लीज."

वादळ कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, डार्ला. मी बनवून सांगितलं.

 आजोबांनी टोपी घातली आणि ते उठले. पायऱ्यांवर मी पुढे, त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. आत कोळिष्टकं, अंधार, वरचं दार धाडधाड आपटतंय, कानात दडे बसलेले. बिस्किटला मी स्वेटरमध्ये घातलं होतं. तेवढ्यात आजोबा हळूच म्हणाले, "डेल प्लीज म्हणत नाही."

वर आलो तर घर जागेवर. वादळ टर्की क्रीकच्या पलीकडूनच वळलं. आपल्या प्लम रोडवर झाडाची फांदीसुद्धा पडली नाही. म्हणजे माझं खोटं खोटंच ठरलं. रात्री जेवताना ते म्हणाले, एकदा तुझ्यासाठी उतरलो, दर वेळी गुडघा ऐकणार नाही. रागावले नव्हते, म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

शनिवारी पुन्हा येतंय म्हणतात. कालपासून मी आभाळाकडे बघत नाही.

नाताळात जाताना तू दारात म्हणालीस, "मग मरा इथेच." आजोबा तो विषय काढत नाहीत. मला मात्र वारा सुटला की तेच ऐकू येतं. तू रागात होतीस, मला माहीत आहे. ते टल्साला यायला नाही म्हणाले, तो त्यांचा हट्ट. मी कुणाची बाजू घेत नाही. पण तुझ्या फोनला आपल्या अंगणात सगळ्या दांड्या येतात. तू शनिवारच्या आत ये. घरात नको येऊस, गाडी पायरीपाशी लाव आणि काच खाली कर. डबा तिथून किल्ली घेईल, मी त्यांना काही सांगणार नाही.

नाहीतर परत मलाच बोलावं लागेल, आणि आता त्यांना माझा आवाज ओळखू येतो.

अगं, मिसेस टिबेट्सनी लग्न केलं! गॅसच्या ट्रकवाल्याशी, या वयात, मागच्या रविवारी.

तुझी,
तळघराची कडी काढून ठेवलेली,
लिनेट