बाईंनी उठू न दिलेली बैठक

बाई, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण पांढरकवड्याच्या शाळेत तुम्ही शिकवलंत तसं इंग्रजी शिकवताना मी नंतर कोणाला पाहिलं नाही. पाहिली ती इंग्रजी बोलून दुसऱ्याला गप्प बसवणारी माणसं. तुमचं उलटं. आठवडाभर फळ्यावर एकच क्रियापद. डावीकडे साहेबाचं बोलणं, उजवीकडे आमच्या घरचं. ‘ईट’च्या आठवड्यात कळलं, की साहेब स्वतःचे शब्द खातो, झुरताना स्वतःचं काळीज खातो आणि पैजेवर टोपीसुद्धा खायला निघतो. “अन् पागोटं असलं त?” मी विचारलं. वर्ग हसला. तुम्ही नाही. “पाणी जास्त लागेल,” म्हणालात. उजवीकडे भाव खाणं, हाय खाणं, शेण खाणं. शेण तुम्ही स्वतः लिहिलंत, वळणदार अक्षरात.

त्याच आठवड्यात बा मला शाळेतून काढायला आला. कापसाची वेचणी सुरू झाली होती, आणि आमच्या बंजारा तांड्यातली पोर इतकी शिकली हेच त्याला फार वाटत होतं. दारातूनच म्हणाला, “बाई, पोरीले नेतो. इंग्रजी कायले पायजे तिले? कापूस का इंग्रजीत वेचते?”

“न्या की, भाऊ. पण आमच्या वर्गात येणाऱ्यानं ‘खाणं’ घालून एक बोलणं द्यायचं असतं.”

“डोस्कं नका खाऊ, बाई!”

“वा!” म्हणत तुम्ही तेच लिहिलंत. डोस्कं, डोकं नाही. बाला वाचता येत नव्हतं. “काय लिवलं वं?” मी वाचून दाखवलं. तो फळ्याकडे बघत राहिला, मग चपला काढून आत आला आणि भिंतीशी बसला.

मी घाईघाईनं तुमच्या कानात तांड्याची रीत सांगितली: बैठकीत ज्यानं तोंड उघडलं, त्यानं बैठक उठेस्तोवर स्वतः हलायचं नाही, आपलं माणूसही मधून न्यायचं नाही. तास संपला तसा त्यानं विचारलं, “उठली का बैठक?”

“कुठली उठते! अजून ‘ब्रेक’ आहे, ‘रन’ आहे. तुम्ही कामाला जा, तुम्हाला सुट्टी दिली. मुलगी बसेल.”

पुढं दर बाजाराच्या दिवशी बा खिडकीतून ओरडायचा, “उठली का?” आणि तुम्ही खडूचा हात उंचावून, “नाही, भाऊ!” बा कुरकुरायचा, वेचणीला याडीशी, माझ्या आईशी, भांडायचा, पण रीत मोडली नाही. उलट तांड्यात मिरवायचा, “माही गोठ फळ्यावर हाय.”

मॅट्रिक झाले तेव्हा तो गूळ घेऊन तुमच्या घरी आला. तुम्ही म्हणालात, “उठली बैठक, भाऊ. न्या आता मुलीला.”

“आता कायले नेऊ? यवतमाळले कॉलेज हाय म्हणते. तेथली बैठक मीच उठू देत नाई.”

असा बाप आणि अशी बाई ज्या पोरीला मिळाली, तिनं वर्तमानपत्रात जगाला नावं ठेवत पोट भरावं, हा शुद्ध कृतघ्नपणा. पण तोच माझा धंदा. मी कोणाला सोडत नाही, असं लोक म्हणतात. हे पत्र मी पाठवणार नाही. वर पोस्ट जात असतं तरी पाठवलं नसतं. खरं सांगायचं तर सकाळपासून तुमच्यावर एक बोचरं वाक्य शोधून राह्यले, बाई. सापडत नाही.