मोकळं बोला, सायंकाळी ठीक पाच

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
विहारात वंदना झाल्यावर सेक्रेटरी बुद्धरत्न म्हणाला की आपली पोरं घुसमटतायत, त्यांच्या मनाबद्दल बोलायला एक सभा घ्यायला हवी. बुद्धरत्न हायस्कूलला मास्तर आहे, वय बत्तीस, उत्साही पण अनुभव कमी. जबाबदारी कोण घेतं असं त्याने आमच्या दीक्षाकडे बघून विचारलं. ती तोंड उघडणार एवढ्यात मी हात वर केला. पोरीला कशाला ताण? निवृत्त वरिष्ठ लिपिक धम्मपाल असताना महाडमध्ये सभा दुसऱ्याने घ्यायची म्हणजे काय.
तारीख ठरली: २३, रविवार, सायंकाळी ठीक पाच.
संकल्प: (१) मी फक्त दहा मिनिटं बोलणार. (२) ‘आमच्या वेळी’ हे शब्द वापरणार नाही. (३) विषयाचा सखोल अभ्यास.

५ नोव्हेंबर
सखोल अभ्यास पूर्ण. तीन व्हिडिओ. त्यातले दोन फास्ट करून बघितले, मुद्दे तेच असतात.
नैराश्याची लक्षणं आता मला लांबूनही ओळखू येतात. सुरुवात घरापासून केली. शर्मिला: चिडचिड आहे, पण ती लग्नापासूनच आहे, धरली नाही. दीक्षा: काहीही नाही. पनवेलच्या हॉस्टेलवरून ऑगस्टमध्येच आली, घरी शांतपणे अभ्यास होतो म्हणून. अकरापर्यंत झोपते, म्हणजे विश्रांती उत्तम. जेवण निम्म्यावर आलंय, डाएट असणार. फारसं बोलत नाही. गंभीर स्वभाव, माझ्यावर गेलीय.

१० नोव्हेंबर
बॅनर लागला. दहा बाय सहा. प्रूफ मी जातीने तपासलं होतं. माझ्या फोटोत डावा कान कापला जात होता, तो पूर्ण घ्यायला लावला.
दुपारी बुद्धरत्नाचा फोन. बॅनरवर ‘युवकांचे मासिक आरोग्य’ असं छापलंय. ‘न’ राहिला.
माणसं कशाकशाकडे बघत बसतात.

११ नोव्हेंबर
सकाळपासून अकरा बायकांचे फोन. तपासणी फुकट आहे का, डॉक्टरीण येणार आहे का, गोळ्या तिथेच मिळतील का. विहाराशेजारच्या ठमाबाई तर घरीच आल्या. वय शहात्तर. म्हणाल्या की माझं ते कधीच बंद झालं, पण गुडघे दाखवले तर चालतील का.
चालेल म्हणालो. गर्दी म्हणजे गर्दी.
नंतर स्टुलावर चढून कागदी ‘न’ चिकटवला. संध्याकाळपर्यंत वाऱ्याने गेला.

१४ नोव्हेंबर
आमंत्रण सर्व समाजांना हवं म्हणून पोलादपूरकडच्या डोंगरवाडीवर गेलो. एसटी फाट्यापर्यंत, पुढे तासभर चढ. वाडीत रायबा नावाचे म्हातारे म्हशी घेऊन बसलेले. नातू विनोद, वय चोवीस, मुंबईतली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी आलेला. पलीकडे बांधावर बसला होता, आमच्याकडे बघितलंही नाही.
मी रायबांना समस्येचं गांभीर्य समजावलं. वीसेक मिनिटं. मग विचारलं, तुम्ही याच्यासाठी काय करता?
“काय करनार? त्यो बोलत नाय. मी पन बोलत नाय. सांजचं दोगं बांदावर बसतो.”
हा शास्त्रीय उपाय नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. रायबांनी ताक दिलं. ताक मात्र चांगलं होतं.

१८ नोव्हेंबर
वक्त्याचा प्रश्न सुटला. ज्योतीमॅडम, समुपदेशक, रेल्वेने येणार. नंबर दीक्षाने दिला. तिच्याकडे कसा होता कोण जाणे. ही पिढी कनेक्टेड आहे.
मॅडमनी फोनवर एकच विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळ बोलणार? दहा मिनिटं, मी म्हणालो. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. व्यावसायिक माणसं अशीच असतात.

२२ नोव्हेंबर
भाषणाची रंगीत तालीम. श्रोते: शर्मिला आणि गवार. सत्तेचाळीस मिनिटं झाली. काटछाट केली. पुन्हा म्हणून पाहिलं, बावन्न.
दीक्षाला वाक्यं कशी वाटतात विचारायला तिच्या खोलीशी गेलो. म्हणाली, पप्पा, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. मी म्हणालो, अगदी बोल, सभा झाली की निवांत. भाषणातला शेवटचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवला. तिने मान हलवली. आवडला.

२३ नोव्हेंबर, दुपारी १
वीर स्टेशनवर मॅडमना घ्यायला गेलो. तिशीतल्या, साधी बॅग, स्वभाव ऐकून घेणारा. परतताना रिक्षात त्यांना माझ्या जीवनाची थोडक्यात ओळख करून दिली. दासगाव आलं तेव्हा मी १९९४ सालात होतो. महाड आलं तेव्हा बढतीची फाईल. रिक्षावाल्यालाही उतरावंसं वाटत नव्हतं. निदान मान तरी वळवत नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८
जसं घडलं तसं लिहितो.
उपस्थिती विक्रमी. बायका एकसष्ट. वृद्ध नऊ. तरुण सात, त्यात दीक्षा आणि विनोद धरून. विनोदला रायबा घेऊन आले होते, दोघे शेवटच्या रांगेत, गप्प. ठमाबाई पहिल्या रांगेत, रक्त तपासायचं म्हणून सकाळपासून उपाशी.
पाच वाजून दहा मिनिटांनी मी बोलायला उभा राहिलो. ‘आमच्या वेळी’ दुसऱ्या वाक्यात आलं, पण संदर्भाने. विसाव्या मिनिटाला दोन मुली उठून मागच्या दाराने बाहेर गेल्या. भावना अनावर. मग बाकीची पोरं एकेक करून गेली, मग दीक्षा, मग विनोद, त्याच्यामागे रायबा. मग बुद्धरत्न. मग मॅडम, बॅग घेऊन. भाषणाचा परिणाम इतका होईल अशी अपेक्षा नव्हती. मधेच लाईट गेली, माईक बंद. मी आवाज चढवून पुढे चालू ठेवलं. बायका हलल्या नाहीत. त्यांना डॉक्टरीण हवी होती.
एक तास पाच मिनिटांनी थांबलो. पाण्यासाठी मागच्या दाराने बाहेर आलो.
मागच्या पायऱ्यांवर सगळे बसले होते. सभा तिथे चालू होती. विनोद बोलत होता. चक्क बोलत होता. कंपनीत रोज सकाळी गेटपाशी छाती धडधडायची, आत जाववत नसे, म्हणून सोडली. रायबा त्याच्या शेजारी जमिनीकडे बघत बसलेले.
मग दीक्षा बोलली. तिची पाठ माझ्याकडे होती. ऑगस्टची परीक्षा तिने दिलीच नव्हती. जुलैपासून रोज कॉलेजला म्हणून निघायची आणि पनवेल स्टेशनच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायची. एकदा तिथे बसून असं वाटलं की परत उठूच नये. त्या दिवशी तिने आईला फोन केला.
एका मुलीने विचारलं, पप्पांना नाही सांगितलंस?
“सांगायचं होतं. पण त्यांनी भाषण केलं असतं.”
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
रायबांनी मला पाहिलं. थोडे सरकले, पायरीवर जागा केली. मी बसलो नाही. पाणी प्यायला आलो होतो, असं मोठ्याने सांगितलं आणि आत गेलो. पाणी प्यायचं राहिलं.
आत ठमाबाई विचारत होत्या, गुडघे कधी बघणार?

२४ नोव्हेंबर
पेपरला बातमी तयार केली: ‘अध्यक्षांच्या ओघवत्या भाषणाने तरुणाई मोकळी झाली.’ तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पाठवली नाही. फोटो नव्हते.
शर्मिलाला सगळं विचारलं. तिने गवारीकडे बघत सांगितलं. दीक्षा सप्टेंबरपासून दर गुरुवारी ज्योतीमॅडमशी फोनवर बोलते. त्यांनी तिला पनवेलच्या एका डॉक्टरांकडेही पाठवलं, शर्मिला बरोबर गेली होती. मला वाटलं होतं दोघी साड्या बघायला गेल्या.
मला का सांगितलं नाही, असं म्हणालो. जरा चढ्या आवाजातच.
“सांगायला सुरुवात केली होती. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही मला तुमचं १९८९ सांगितलंत.”
१९८९ मध्ये मीही नापास झालो होतो. ते प्रेरणादायी आहे असं माझं मत होतं.
जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दीक्षाची खोली बंद, आतून बोलण्याचा आवाज. दाराबाहेरून दोनदा गेलो. थांबलो नाही. हे नोंदवून ठेवतो.
नंतर मॅडमना मीच फोन केला. दीक्षाने त्यांना काय सांगितलं ते विचारलं. ते त्या सांगू शकत नाहीत, असं म्हणाल्या. मग मी काय करू? ऐका, म्हणाल्या. मी म्हणालो की ऐकणं ही माझी जमेची बाजू आहे, छत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या. त्यांनी विचारलं, सलग किती वेळ? दहा मिनिटं सहज, मी म्हणालो.

३० नोव्हेंबर, रविवार
आज केलं.
दुपारी दीक्षा ओट्यावर केस वाळवत बसली होती. शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, तुला बोलायचं होतं ना. आता मी दहा मिनिटं गप्प. मोबाईलवर टायमर लावला. तिने टायमरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बोलायला लागली.
वर्गात बसलं की हाताची बोटं गार पडायची. सरांचे शब्द ऐकू यायचे पण कळायचे नाहीत. हॉस्टेलवर मी रोज फोन करून विचारायचो, अभ्यास कसा चाललाय? ती म्हणायची, चांगला. तो फोन ठेवला की ती बाथरूममध्ये नळ सोडून बसायची.
मला त्या नळाचा आवाज फोनवर कधी आला नाही. येणार कसा. फोन तोवर ठेवलेला असायचा.
गोळ्यांनी झोप लागतेय आता, पण सकाळी उठवत नाही, असं ती सांगत होती, आणि मला राहवलं नाही. म्हणालो, अगं, १९८९ साली मलासुद्धा…
ती थांबली. मी तोंड मिटलं. टायमर चालूच होता. तिने तो हातात घेऊन बघितला.
“चार मिनिटं झाली, पप्पा. उद्या पाच करा.”
आणि हसली. फार नाही. ऑगस्टपासून पहिल्यांदा पाहिलं.
पाच काही अवघड नाहीत. माणसाने ठरवलं तर आठ-नऊसुद्धा होतील. ती आत गेल्यावर सराव म्हणून ओट्यावर एकटाच टायमर लावून गप्प बसलो.
दुसऱ्या मिनिटाला शर्मिलाने आतून विचारलं, कोणाशी बोलताय?