कचकड्याचा चुडा

१४ एप्रिल १९५४, बुधवार
सत्यानाश झाला. नदीच्या रेतीत गाडीचं चाक फसलं, गाडी कलंडली आणि माही बांगड्यांची पाटी उलटी. हिरव्या काचेच्या जेवढ्या लडी नागभीडहून आणल्या तेवढ्या सगळ्या वाढल्या. (फुटल्या लिहायचं नसते. कासारानं तर नाईच.) गाडीवान म्हणे, "भाऊ, रेतीत हिरवं पीक आलं पाहा!" एक ठेवून द्यावी वाटली त्याले.

उरलं काय, तर नागभीडच्या शेटनं बळंच गळ्यात मारलेल्या कचकड्याच्या बांगड्या. हिरव्या आहेत, दिसतात काचेसारख्या, पण वजन नाई, आवाज नाई. जत्रेतल्या खेळण्यासारखा माल. आपटला तरी काई होत नाई, म्हणून तेवढा वाचला.

आणि परवा मोहटोल्याले शेवंताचा चुडा भरायचा. नागभीडले परत जायले वेळ कुठी आहे?

१६ एप्रिल, शुक्रवार
केलं ते केलं.

मांडवात सगळ्या बाया बसलेल्या. शेवंतानं हात पुढं केला. धानाचे रोवणे करून करून मोठा झालेला हात, पंजा कडक. मी कचकड्याची लड सोडली तर तिची माय म्हणे, "हे काय आनलं हो भाऊ?"

मी कसा काय बोललो कोण जाणे. "बाई, हे मुंबईचं नवं फ्यासन हाय. तिकडे आता काच कोनी घालत नाई. काच म्हंजे जुनं झालं." तोंडातून निघाल्यावर मलेच खरं वाटू लागलं.

मावशी होती एक, खट. तिनं नवरीचा हात धरून हलवला. "वाजत नाई गा हे."
"हेच तर फ्यासन! मोठ्या घरच्या बाया का वाजवत फिरतात?"

मंग एकीनं हात पुढं केला, मंग दुसरीनं. पाटी रिकामी झाली.

चुडा भरून झाल्यावर शेवंता पाया पडली. रीतच आहे, कासार म्हणजे भाऊ. "सुखी राह्य बाई," म्हणलो. लग्नाचा चुडा काचेचाच पाहिजे हे मले का कोणी शिकवाले पाहिजे? बापानं हेच शिकवलं आणि मी काय केलं...

१८ एप्रिल, रविवार
घरचीले सांगितलं नाई. ती विचारे, "मोहटोल्यावाले खुश झाले का?" "भल्ले खुश," म्हणलो. खोटं नाई ते.

फ्यासन या गोष्टीचा विचार करून राह्यलो. आमच्या लग्नात घरचीच्या पोलक्याले फुग्याची बाही होती. मंग फुगा गेला, बाही सपाट झाली, फुगा म्हणलं की पोरी हसत. आता मास्तरीणबाई बदलीवर आल्या फुग्याची बाही घालून, तर आमच्या चामोर्शीतल्या शिंप्याले दम घ्यायले फुरसत नाई. काल एक बाई नव्या फुग्यासकट सरपणाचा भारा घेऊन आली. एक फुगा भाऱ्याखाली बसला, एक उभा. अर्धं फ्यासन घरापर्यंत पोचलं.

आणि लग्नात शेवंताचा नवरदेव! पावडर म्हणून तोंडाले काय फासलं देव जाणे. ऊन असं की घाम सुटला, आणि मांडवात येईपर्यंत तोंडावर पिठलं झालं होतं. सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाई. मले मी भरलेला चुडाच दिसून राह्यला होता.

१ मे, शनिवार
बाप्पा! बाजारात बाया विचारतात, "भाऊ, ते न वाजनाऱ्या हाय का?" मोहटोल्यावरून हवा पसरली. काचेच्या लडीकडे कोणी पाहत नाई. एक बुढी तर म्हणे, "माह्या सुनेले नको, मलेच भरा."

शेटकडून आणखी मागवल्या. फ्यासन मी काढलं, मुंबईचं नाव लावलं, आणि आता मलेच ते विकत घ्या लागते. मास्तरीणबाईनंही भरून घेतल्या. शिकलेली बाई. त्या हातात पाहून वाटलं, चला, एवढं काई पाप नाई झालं.

९ मे, रविवार
झालं. पाप झालं.

मास्तरीणबाई कंदील लावून राह्यल्या होत्या. काडी हातात, बांगडीले धग लागली आणि बांगडीच पेटली. त्यांनी हात झटकला म्हणून बरं. मनगटावर फोड आला, बाहीचा एक फुगा जळला. बाई मोठ्या मनाची, हसून म्हणे, "कासारभाऊ, तुमच्या फ्यासननं माझं फ्यासन खाल्लं." मी हसलो नाई.

घरी आलो, मागच्या दारी कचकड्याचा तुकडा घेतला, काडी लावली. भक्! सोडायच्या आत बोट पोळलं. कापूर बरा याच्यापेक्षा.

मले माहीत नव्हतं हे खरं आहे. पण शेटले विचारलंही नव्हतं.

शेवंता सासरी आहे. दिवसभर चुलीपाशी. मनगटापासून वरपर्यंत दोन्ही हात मीच भरलेत. जेवण गेलं नाई आज.

११ मे, मंगळवार
मोहटोल्याले गेलो. बाया तेंदूची पानं तोडाले जंगलात. आंब्याखाली बसून राह्यलो. आल्या तसा सगळ्यांपुढं एक बांगडी जाळून दाखवली. किंचाळल्या. मंग मावशीनं जे तोंड सोडलं! "मुंबईचं फ्यासन म्हने! आग लागो तुह्या मुंबईले!" खाल मानेनं ऐकून घेतलं. एकेकीच्या काढल्या, काच भरली, फुकट. मावशीचा हात भरताना तिनं मुद्दाम आखडून धरला. धरू दे.

शेवंताची माय शेवटी एवढंच, "माह्या पोरीचे हात, भाऊ." म्हणलो, जातो.

१४ मे, शुक्रवार
शेवंताच्या सासरी गेलो. सासू दारापुढच्या सपरीत बसून मोहफुलं निवडून राह्यली होती. मले पाहताच सुरू झाली.

"बरं झालं आले. हे काय भरून देलं हो तुमी? सून आनली का मांजर? कुठी हाय, काय करून राह्यली, काईच समजत नाई! काच भरून द्या."

वाटलं, चला, सोपं झालं. बुढी बैलाले पाणी दाखवाले गेली तशी शेवंता दारात आली. हलक्या आवाजात म्हणे, "भाऊ, काढू नका."

म्हणलो, काऊन?

"हात हालला तं कोनाले ऐकू येत नाई. दुपारी घटकाभर भिंतीले टेकतो. एखांदा गुळाचा खडा तोंडात टाकतो. बस, येवढंच. इथी येवढंच माह्यं हाय." आणि हसली. लग्नातही अशी हसली नव्हती. "भल्लं चांगलं फ्यासन आनलं तुमी."

आता लिहितानाही लाज वाटते. आगीचं बोललो नाई. जिभेवर आलं होतं, बोललो नाई. बुढीले म्हणलो, काच संपली, पुढच्या फेरीले आणतो. पाटीत काच होती. फडक्याखाली झाकून ठेवली. शेवंताले जाताना एवढंच म्हणलो, "चुलीपासून हात लांब ठेव बाई."

चुलीपासून हात लांब ठेवून भाकर कशी थापतात, गाढवा?

१८ मे, मंगळवार
चार घरी बांगड्या भरल्या. प्रत्येक हातात तोच हात दिसते. घरची म्हणे, "तुमाले ताप हाय का?" म्हणलो, ऊन लागलं. कांदा आणून दिला तिनं, खिशात ठेवा म्हणून. ठेवला.

२१ मे, शुक्रवार
गेलो आणि करून आलो.

सासू-सून दोघींसमोर बांगडी पेटवली. बुढी मागं सरकली, "अरे देवा! काढा, आत्ताच्या आत्ता काढा!" घाबरली बिचारी. सुनेचा हात धरून उलटापालटा करून पाहे, कुठी भाजलं तर नाई. वाईट बाई नाई ती, हेही लिहून ठेवतो.

शेवंता जळत्या तुकड्याकडे पाहत राह्यली. मंग म्हणे, "सैपाकाच्या टायमाले ओलं फडकं गुंडाळीन."
"नाई बाई. नाई जमत ते."
"मी गुंडाळीन ना भाऊ."

काढल्या. कातरीनं एकेक. हात रिकामा राहू नये म्हणून काढत गेलो तसतशी काच चढवत गेलो. तिनं मूठ आवळून धरली होती, मले हात चोळून चोळून सैल करा लागला. एक वाढली. थोडं खरचटलं, तिनं हूं केलं नाई.

झाल्यावर पाया पडायची वेळ. पडली नाई. बुढी पाणी आणाले आत गेली तशी म्हणे, "जळल्या असत्या तं एक डाव जळल्या असत्या, भाऊ."

बुढी परत येऊन सपरीत बसली, शेवंता आत गेली, मी आंगणात पाटी बांधून राह्यलो होतो. आतून किणकिण.
"काय करून राह्यली वं?" सपरीतून.
"पानी घेऊन राह्यली."
परत किणकिण.
"आता काय वं?"
"हात धुवून राह्यली."

फाटकाबाहेर पडलो तर परत. काय विचारलं ते ऐकलं नाई. भरभर चालत सुटलो.

बरोबरच केलं मी. कोणालेही विचारा, बरोबर म्हणतील. मंग हे असं काऊन होऊन राह्यलं?

२३ मे, रविवार
राहवलं नाई. घरचीले सगळं सांगून टाकलं, रेतीपासून. ती तांदूळ निवडत होती. मुंबईचं फ्यासन ऐकून हसली, डोळ्याले पाणी येईस्तोवर हसली. शेवंताचं सांगितलं तशी हात थांबला.

मंग म्हणे, "लग्न झालं तवा मी तुमच्याकडून बांगड्या कशा भरून घेत होती, आठवते?"

आठवते ना. तंग. एकदम मनगटाले चिपकून. माह्यापुढं हात धरे आणि म्हणे, आणखी लहान. मले वाटे पोरगी हौशी आहे, निराळी आवड आहे. चामोर्शीभर सांगत फिरलो, तंग बांगडीचं फ्यासन आलं, माह्या घरचीच्या हातात पाहा. दोनतीन वर्षं नुसत्या तंग खपवल्या.

"तंग बांगडी वाजत नाई," ती म्हणे. "तुमची माय सपरीत बसे."

तांदळातला एक खडा उचलून फेकला मी.

"रात्री हात सुजे. तुमी म्हना, शोभते."

आणि माय गेली त्या वर्षी हिनं सैल भरायले सांगितल्या. आता किणकिण ऐकू येते घरभर, दिवसभर. मी काय म्हणलो होतो तेव्हा? चल, फ्यासन बदललं वाटते.

कासार मी. आयुष्यभर बायांचे हात हातात धरले. भाऊ म्हणतात मले.

तिनं परत तांदूळ निवडाले घेतले. रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० मे, रविवार
सकाळपासून हिरव्या काचेत हात घालून बसलो आहे. शेवंताच्या मापापेक्षा एक माप लहान निवडून राह्यलो. त्या पंजातून ते जायले पाहिजे. साबण लागेल, तेल लागेल, आणि दुखेल. चांगलंच दुखेल. एखादी आत वाढली तर मनगट चिरेल. पण एकदा गेल्या की वाजणार नाई, आणि पेटणारही नाई.

बुढीले सांगीन, सैल झाल्या होत्या, बदलून देतो. म्हणजे आणखी एक खोटं.

घरचीले दाखवल्या. तिनं एक घेतली, आपल्या मनगटापाशी धरून पाह्यली, खाली ठेवली.

"चांगल्या हाय," म्हणे. "पन तिले आधी इचारा. भरून मोकळे होऊ नका."

"ती बोलन का माह्याशी?"

"ते मले काय माहीत."

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. बांगड्या फडक्यात बांधून वेगळ्या ठेवल्या. बुढीसमोर विचारता येणार नाई, ती बैलाकडे जाईपर्यंत थांबा लागेल. तेवढ्यात शेवंता दारात आली पाहिजे. आली तर सांगीन की दुखेल. हात पुढं करते का आत निघून जाते, हे तिच्यावर आहे.