काचेपलीकडची जागा

सोमवार, ३ जून
लागलो एकदाचा कामाला! स्फोट झालाच, तर कुठे उभ्या असलेल्या माणसाला किती इजा होईल, हे संगणकावर मांडायचं. ऐकायला भयंकर, पण त्यावरूनच भिंती कुठे हव्यात आणि दवाखान्यात खाटा किती, ते ठरतं. खुर्ची मस्त गोल फिरते. ताईने डबा देताना बजावलं, पहिल्याच दिवशी अक्कल पाजळू नकोस.

बुधवार, ५ जून
एका स्टेशनाच्या नकाशात चाळीस माणसं बसवायची होती. वय, उंची, वजन, स्फोटापासूनचं अंतर. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आकडे कोष्टकातून घे. कोण चाळत बसणार? तीन जागांवर ओळखीचीच माणसं बसवली, बाकीचे आकडे मनाने टाकले. पाच मीटरवर कँटीनचे काका, दहावर बाई, वीसवर ताई. निकाल आला: काकांचं उजवं फुप्फुस, बाईंचे दोन्ही कान, ताईचे दोन दिवस नुसते कान वाजतील. घरी सांगितलं तर ताई म्हणाली, मेल्या, सख्ख्या बहिणीला जरा लांब तरी बसवायचंस! पोट धरून हसलो.

सोमवार, १० जून
काका चहा ओतताना खोकले. रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, उजवं फुप्फुस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय.

मंगळवार, ११ जून
बैठकीत बाईंनी अचानक कान दाबले. बोटांमधून रक्त. आवाज कसलाच झाला नव्हता.
काल पाच मीटर, आज दहा. रोज पाच मीटर पुढे. ताई वीसवर आहे. परवा.

बुधवार, १२ जून
सकाळीच ताईचा ठिपका उचलून पस्तीस मीटरवर नेला, काचेच्या भिंतीपलीकडे. तेवढ्या लांब हवेचा धक्का पोचत नाही. दुपारी अहवाल वर गेला. नकाशाला कुलूप, आता बदल नाही. सुटलो.

शुक्रवार, १४ जून
कानाला पट्ट्या बांधून बाई आल्या. त्यांना आता ऐकू येत नाही. नकाशा पाहून त्यांनी कागदावर लिहिलं: तिथे कुणाला बसवलंस? धक्का थांबतो, फुटलेली काच थांबत नाही. थेट डोळ्यांत जाते.
वीसवरच राहू दिलं असतं तर — नुसते कान —
कुलूप उघडत नाही. मीच केलं हे. मीच.

रविवार, १६ जून
आज पस्तीस.
सकाळपासून ताईला मधल्या खोलीत बसवलंय. खिडकी नाही, आरसाही काढला. ती कंटाळली. म्हणते, वेड लागलंय तुला. निदान वाचू तरी दे, असं म्हणत उठली, आणि मी बघतोय तिने चष्मा —