सासऱ्यांचं नाव

रेव्हरंड हार्डिंगसाहेब,

माझ्या कविता तुम्ही जशाच्या तशा छापल्यात. मग कादंबरीचीच भाषा सुधारायची अवदसा कुठून आठवली?

आम्हा खोसा लोकांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावाशी जुळणारा शब्दही टाळते, त्याजागी सुनांचा शब्द वापरते. माझ्या सासऱ्यांच्या नावाशी एक रोजचा शब्द जुळतो; त्याजागी पुस्तकभर मी सुनांचाच शब्द वापरला होता. तुम्ही तो अशुद्ध ठरवून पानोपानी शुद्ध शब्द घातलात.

रविवारी दिरानं घरात सगळ्यांसमोर पुस्तक वाचलं. दुसऱ्याच वाक्याला सासरे उठून गुरांकडे निघून गेले.

सासूबाई म्हणाल्या, "लेखिका झालीस म्हणून आता त्यांना नावानं हाका मारणार होय गं?"

"आई, ते साहेबांनी घातलंय."

"पुस्तकावर नाव कुणाचं आहे? साहेबाचं?"

मी तक्रार कळवली, तर तुमचं उत्तर आलं, 'खटकलेला शब्द स्पष्ट लिहून कळवा.' नदीवरून आम्ही बायका भरून डोक्यावर आणतो ते, असं लिहिलं तर तुम्ही घागर खोडाल. तो शब्द लिहिल्याशिवाय तुम्हाला कळायचा नाही. आणि लिहिला, तर या वेळी तो खरंच मी लिहिलेला असेल.

तुमच्या छापखान्याची पहिली लेखिका,
नोसिसा