चौदा तारीख, चोवीस तारीख आणि जनरल

२८ मार्च ९९, रविवार
आज प्रज्ञानं हात मोजताना माझा हात मोजला, एक सेकंद माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. बस. तिथून काहीच पहिल्यासारखं नाही.
मीटिंग रामटेकेकाकांच्या टाउनहाउसमध्ये. बाबासाहेबांची जयंती कधी करायची? मी म्हटलं, चौदा एप्रिल म्हणजे चौदा एप्रिल, बुधवार असेना, रजा टाका. कमिटी म्हणे वीकडेला मुलांच्या शाळा, फ्रीवेवर ट्रॅफिक, हॉलही मिळणार नाही. शनिवारी चोवीसला करू. मतदान. चौदावाले पडलो. प्रज्ञा सेक्रेटरी, निकाल तिनंच वाचला. आमच्या बाजूनं तिच्या बाबांचाही हात होता. सुभेदारकाका. सैन्यातून रिटायर, नागपूरहून लेकीकडे आलेत.
मी तिरमिरीत उठून आलो. दार जरा जोरात लागलं.

१ एप्रिल
वेअरहाउसमध्ये डबल शिफ्ट. फोर्कलिफ्टवर डोकं मस्त शांत असतं. कॉलेजातही असं असतं तर... जाऊ दे. प्रोफेसरशी भांडलो, दार आपटलं, कॉलेज संपलं. दु:ख नाही. प्रज्ञाचा विचार करायलाच दिवस पुरत नाही.

४ एप्रिल, रविवार
तिचा फोन!! ऑफिसला जावं लागतंय, बाबांना ग्रोसरीला नेशील का. नेशील का म्हणे. चंद्रावर नेलं असतं.
नंतर त्यांच्याकडे चहा, टीव्हीवर कोसोवोचं युद्ध. युरोपातल्या अमेरिकन जनरलला जमिनीवर फौज उतरवायचीय, राष्ट्राध्यक्ष म्हणतात नाही, विमानांनीच भागवा. मी तापलो. लढतोय कोण, ठरवतंय कोण! काका म्हणाले, जनरलनं आपलं म्हणणं आत सांगावं, जोरात सांगावं. मग हुकूम आला की तो आपला. मी म्हटलं, यांना युद्धातलं काय कळतं? फक्त निवडून आलेत.
काका: "म्हणूनच तर. त्याला घरी पाठवता येतं, बाबू. मला कोण पाठवणार होतं? माझ्या हातात बंदूक होती."
पटलं नाही. चहा छान होता.

११ एप्रिल
ठरलं. चौदाला मी करणार. पार्कात, संध्याकाळी. सगळ्यांना फोन केले. प्रज्ञा म्हणाली, "कमिटीचं ठरलंय ना?" मी म्हटलं, कमिटी तुझी, जयंती सगळ्यांची. तिनं फोन ठेवला. काका मात्र नक्की येणार असं धरलंय. त्यांनाही चौदाच हवी होती.

१४ एप्रिल
फोटो, हार, मेणबत्त्या, पातेलंभर खीर. आलो मी आणि रूममेट मंदार. मंदार पुण्याचा, खिरीसाठी आलेला. वाऱ्यानं मेणबत्त्या टिकेनात. वंदना मी एकट्यानं म्हटली, शेवटच्या ओळीला मंदार पुटपुटला. बरं वाटलं.
काका आले नाहीत.

१५ एप्रिल
उरलेली खीर घेऊन गेलो, भांडायलाच. काकांनी जय भीम केला, खीर खाल्ली, वेलची जास्त म्हणाले. का नाही आलात? तर म्हणे सकाळी घरी फुलं वाहिली, वंदना झाली. तुझ्या पार्कात आलो असतो तर माझा मीटिंगमध्ये वर केलेला हात खोटा. हरायची तयारी नव्हती तर मोजायला कशाला बसलो?
मग स्वत:हून श्रीलंकेचं काढलं. शांतिसेनेत होते. दिल्लीनं पाठवलं, दिल्लीनंच परत बोलावलं. सगळ्यांना वाटत होतं काम अर्धं राहतंय. यांचा जिवलग दोस्त तिथेच गेला. तरी बोटीत चढले.
मी: "राग नाही आला?"
"आला ना. बायकोला सांगितला. पेपरवाल्याला नाही."
प्रज्ञा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं हे.

२४ एप्रिल, शनिवार
जायचं नाही ठरवून गेलो, मंदारही आला. उशिरा. काका सकाळपासून हजर. ज्या तारखेविरुद्ध मत दिलं तिच्यासाठी ओळीत खुर्च्या लावल्यात, दोरी धरल्यासारख्या. मंदारनं बघून शीळ घातली.
प्रज्ञा: "लवकर येणाऱ्यांना खुर्च्या. उशिरा येणाऱ्यांना भांडी."
भांडी घासली. ती पुसत होती. हॉल गच्च, लहान पोरं स्टेजवर इंग्लिशमध्ये भाषणं करत होती. बुधवारी यातलं एकही आलं नसतं. हे तिला सांगितलं नाही. कळलं असावं, कारण मोठा टोप तिनं स्वत: घासला.

११ जून
बाँबिंग थांबलं. फौज न उतरवताच. काकांना म्हटलं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष बरोबर, तुम्ही जिंकलात. चिडले. पहिल्यांदाच. बरोबर निघाला म्हणून हुकूम त्याचा नव्हता, चुकला असता तरी त्याचाच होता. एवढंही डोक्यात शिरत नाही?
शिरतंय. सावकाश.
संध्याकाळी तिघं तळ्याकाठी फिरलो. प्रज्ञानं माझं जॅकेट घातलेलं. परत मागणार नाही.

२९ जुलै
त्या जनरलला मुदतीआधी काढतायत. वाटलं काका खूश होतील. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, काढायचा हक्क त्यांचा. पण जिंकून आलेला माणूस. फोनवर सांगितलं म्हणे. समोर बसवून सांगायला हवं होतं.
जेवले नाहीत नीट.

३१ जुलै, शनिवार
आज काकांची फ्लाइट. विमानतळावर मीच नेतोय, प्रज्ञा सोबत.
परवाच्या रविवारी मीटिंग झाली, ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनाची. पुन्हा तोच वाद, पुन्हा शनिवार, पुन्हा मी हात वर, पुन्हा पडलो. बसून राहिलो. हॉल कोण बुक करणार, खुर्च्या कोण आणणार? मीच म्हटलं मी. प्रज्ञानं नाव लिहिलं. लिहिताना हसली, बहुतेक.
काल काकांना सांगून टाकलं. परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच असू, तेव्हा तिला विचारणार आहे. तुमचं काय मत?
"माझं कशाला? तिथं मत एकच आहे. तिचं."
नाही म्हणाली तर?
"तर तिला नीट घरी सोड."
कॉलेजचंही विचारलं त्यांनी. बघू म्हटलं. खरंच बघणार आहे.
मजेत आहे. एवढा मजेत कधी नव्हतो. मंदार दुपारचा घोरतोय. दार आपटलं की शिव्या घालतो रोज. शूज घातले, किल्ली घेतली. हे लिहून झालं की बाहेर पडायचं, मूठ फिरवून धरायची आणि दार हळूच लावायचं.