अकरा मिनिटांचं गाणं

१४ नोव्हेंबर, शनिवार दुपार

प्रिय मास्तर,

नमस्कार. अक्षर ओळखलं असशील तर पाकीट फाडून टाकण्याआधी निदान पहिलं पान वाच. तुझं दुकान बरं चालत असेल, डोळे धड असतील, सुई अजून पहिल्या झटक्यात ओवली जात असेल, असं धरून चालते. माझं म्हणशील तर त्रेपन्न पूर्ण झाली, उजवा गुडघा कुरकुरतो आणि स्टुडिओने मला सन्मानाने घरी बसवलं आहे. सन्मान म्हणजे एक मनगटी घड्याळ. जिला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ दिलं. देणाऱ्यांना त्यातला विनोद कळला नाही आणि मी समजावत बसले नाही.

आई फेब्रुवारीत गेली. झोपेत गेली. शेवटपर्यंत स्मरण अगदी लख्ख होतं, त्यामुळे कोणालाच माफ न करता गेली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर व्यायामाचा वर्ग निघालाय. सकाळी साडेसातला निवृत्त मंडळी जमतात आणि आपल्या त्या काळातली गाणी लावून हातपाय झाडतात. नवे गुडघे बसवलेल्या दोन बायका, एक बँकवाला, आणि सगळ्यांत पुढे एक माजी फौजदार. ठेका अजिबात चुकवत नाही तो. रविवारी आपल्या नाचाच्या जिन्यावर यायचा तोच का हा, ते मी विचारलेलं नाही. टोपी काढल्यावर ही माणसं ओळखू येत नाहीत.

तर सांगायचं हे की गेल्या गुरुवारी माझ्याकडे एक मुलगी आली होती. पुस्तक लिहितेय. डिस्को कुठून आलं आणि इतक्यांदा मेलं म्हणून जाहीर करूनही मरत का नाही, असा विषय. त्या लांब गाण्याची टेप मी कापली होती, हे तिला स्टुडिओतल्या कोणीतरी सांगितलं. तिच्या डोक्यात चकचकीत गोळा, पांढरा सूट आणि उंच टाचांचे बूट. मी म्हटलं, बाळ, ते सगळं नंतर, पैसेवाले आल्यावर. आधी होतं ते रद्दीचं गोदाम.

मग मी तिला सांगितलं. कामाला सुट्टी म्हणून रविवारी दुपारी चार ते आठ गोदाम स्वस्तात मिळायचं. कागदाचे गठ्ठे भिंतीला सरकवायचे. बँड परवडायचा नाही म्हणून तबकड्या. आणि यायचे कोण, तर ज्यांना बाकीच्या हॉलच्या दारावरूनच ‘आज जागा नाही’ म्हणून परत पाठवायचे ते. चुकीच्या वस्तीतले, चुकीच्या रंगाचे, आणि तुम्ही दोघे. तुमच्याविषयी मी तिला ‘माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र’ एवढंच म्हणाले. ‘मित्र’ म्हणताना चष्मा पुसला.

नियम तुला आठवत असेलच. नाचाच्या फरशीवर दर तीन पुरुषांमागे एक बाई हवीच. पुरुषांनी एकमेकांबरोबर नाचू नये म्हणून सरकारने बसवलेलं गणित. धाकटा मला घेऊन गेला तो ‘ताई, तुला जरा विरंगुळा’ असं म्हणून. मी भोळी, पावडर लावून गेले. तिथे पोचल्यावर कळलं की मी पाहुणी नाही, परवाना आहे. आयुष्यात मला इतकी मागणी ना त्याआधी आली, ना नंतर. दारावरच्या तिकीटवाल्या बाईने बटण दाबलं की आतला लाल दिवा लागायचा, जोड्या सुटायच्या आणि चौघाचौघांच्या कोंडाळ्यात एकेक बाई उभी राहायची. फौजदार एक चक्कर मारून जायचा. तेवढा वेळ माझा एक हात धाकट्याच्या हातात, दुसरा तुझ्या. तुझा हात बर्फासारखा असायचा. इतका घाबरट माणूस दर रविवारी येतोच कसा, याचं मला नवल वाटायचं.

खरी अडचण गाणं संपण्याची होती. तीन मिनिटांत गाणं खलास, मग सुई उचलून दुसऱ्या तबकडीवर टेकेपर्यंत शांतता. त्या शांततेत माणसं एकमेकांकडे बघायची आणि हात सोडायची. फौजदारालाही नेमकी तीच वेळ आवडायची. एकदा घरी येताना धाकटा म्हणाला, ‘ताई, याला संपूच देऊ नकोस.’ जसं काही मी पाण्याचा नळ सोडते आणि बंद करते.

पण केलं. जेवणाच्या सुट्टीत, स्टुडिओच्या दाराला आतून कडी घालून. गाण्याच्या मध्यावर ती बाई गायची थांबते आणि नुसता ढोल आणि खर्जातली गिटार राहते ना, तेवढा तुकडा सहा वेळा उतरवून घेतला. पांढऱ्या पेन्सिलीने खुणा, ब्लेडने तिरका काप, चिकटपट्टी. अकरा मिनिटं झाली. आमच्या साहेबाने ऐकून विचारलं, यात गाणं कुठे आहे, हे तर नुसतं वाट बघणं आहे. त्याला वाटलं तो टीका करतोय. त्या रविवारी टेप लावली तेव्हा कोणीही खाली बसलं नाही. तू आणि धाकटा गठ्ठ्यांपाशी नाचत होतात, आणि नवव्या मिनिटाला मी पहिल्यांदा पाहिलं की तू दाराकडे बघत नाहीयेस.

मुलीने विचारलं, मग हे टिकलं कशामुळे? मी म्हटलं, त्यात दुःख गाणाऱ्या बाईपाशी असतं आणि पायांना ते कोणी सांगितलेलं नसतं. तिने लगेच लिहून घेतलं. असली वाक्यं मला चटकन सुचतात. साधं खरं बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

कारण तिचा पुढचा प्रश्न होता, त्या दोघांपैकी कोणी आहे का आता?

मी म्हणाले, कोणी नाही.

तिने बिचारीने रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलं, माझ्या हातावर हात ठेवला. मी तुला मारून टाकलं, मास्तर, चहाचा कप हातात धरून. आणि तुझा पत्ता अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिकीटवाल्या बाईने दिला होता, मी न मागता.

मला तुला नाकारायची सवय आहे. आतापर्यंतची पानं म्हणजे घसा खाकरणं होतं.

बावीस वर्षांपूर्वीचा तो दवाखाना. कोपऱ्यातली धाकट्याची खोली, दारावर ‘फक्त नातेवाईक’ अशी पाटी. सिस्टर पेनसुद्धा हातमोजे घालून धरायची. तू बाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. पहिल्याच दिवशी तिने वही पुढे ओढून आईदेखत मला विचारलं, बाहेर ते गृहस्थ बसलेत ते कोण? मावसभाऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं. चुलतभाऊ, मेहुणा, काहीही. तिला रकाना भरायचा होता, खातरजमा करायची नव्हती. आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, ‘ओळखीचे नाहीत.’

मग बाहेर येऊन तुला सांगितलं की त्याला तुला भेटायचं नाही. तू विचारलंस, ‘असं म्हणाला?’ मी म्हटलं, ‘हो, असंच म्हणाला.’ तरी तू सहा दिवस येत राहिलास. उठायचास, खिडकीपर्यंत जायचास, परत येऊन बसायचास. सातव्या दिवशी बाक रिकामा दिसला. मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकते, मागाहून सुचल्यासारखं करणार नाही.

तो असं काहीच म्हणाला नव्हता. डोळे उघडले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘मास्तर आला?’ मी सांगायचे, नाही आला. तो म्हणायचा, काम असेल, लग्नसराई आहे. दुसऱ्या दिवशी परत तेच. तू भिंतीपलीकडे होतास. वीस पावलं. मी मोजली आहेत, कारण जाता-येता मीच तेवढी चालत होते.

आईवर ढकलून मोकळं होता येईल. ती आता उलटून बोलणार नाही. पण आईने मला काही सांगितलंच नव्हतं, ती नुसती बघत होती. रोगाची भीती होती, लोकांची होती, हे सगळं खरं. त्याच्या तळाशी मात्र वेगळंच होतं. मला वाटलं, निदान मरताना तरी तो आमचा असावा. इतके रविवार तो तुझा होता आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. मी तुमच्यासाठी केलं असं सगळे म्हणायचे. मी मोजून ठेवत होते हे कोणाला कळलं नाही. मलाही दवाखान्यातच कळलं.

ती मुलगी येत्या गुरुवारी परत यायची आहे. मी तिला सांगणार आहे की मी खोटं बोलले, एक जण आहे. तुझा पत्ता तू सांगितल्याशिवाय देणार नाही.

आता एक निरोप. तो तुझा आहे, माझ्याकडे नुसता पडून राहिला. आठव्या दिवशी दुपारी, आई औषधं आणायला खाली गेली होती तेव्हा तो बोलला. एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहिते:

‘मास्तर आला तर सांग, मी रागावलो नाही. आणि माझा निळा शर्ट त्याला दे. बाह्या लांब होतील, पण शिंपी आहे, बघेल त्याचं तो.’

एवढं बोलून हसला, हसण्याने खोकला आला, आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर तो गेला.

शर्ट मी देऊ शकत नाही. दवाखान्यातून आल्यावर आईने त्याचे सगळे कपडे मागच्या अंगणात रचायला लावले. काडी मी ओढली. निळा शर्ट सगळ्यांत वर होता. मला दिसला होता.

उत्तराची अपेक्षा ठेवण्याइतकी निर्लज्ज मी झालेले नाही. थोडी झाले आहे. पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

जो आठ दिवस तुझी वाट बघत होता,
त्याची बहीण